विश्लेषण : द्राक्ष दिंडोरी-निफाडचं, बाटलीवर नाव कंपनीचं

दिंडोरी, निफाड तालुक्यांत द्राक्ष म्हटलं की आधी थॉमसन आठवते. पण याच शिवारात काही बागा अशा आहेत, ज्यांचा माल मार्केटला जात नाही आणि बेदाण्यालाही जात नाही. तो थेट वायनरीत जातो. त्यातली एक प्रमुख जात म्हणजे सॉव्हिनॉन ब्लाँ. हिच्यापासून ड्राय व्हाईट वाईन होते. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत ती मानाने मांडली जाते. बागायतदाराच्या पदरात मात्र करारातला किलोचा भाव, एवढंच. असं का, हे समजायला ही जात जिथली आहे तिथलं गणित पाहावं लागतं.

गावाच्या नावावर विक्री

सॉव्हिनॉन ब्लाँ मूळची फ्रान्सची. तिथल्या लुआर नदीच्या खोऱ्यात सान्सेर नावाचं टेकडीवरचं गाव आहे. या भागातल्या पांढऱ्या वाईनला १९३६ मध्येच सरकारी मानांकन मिळालं. त्याच शिवारातल्या शाविन्योल गावात शेळीच्या दुधाचं चीज होतं, त्यालाही १९७६ मध्ये मानांकन मिळालं. आंबटसर वाईन आणि खारट चीज ही तिथली जुनी जोडी. बाटलीवर ठळक असतं ते सान्सेर हे नाव. गिऱ्हाईक गाव बघून पैसे मोजतं.

नाशिकला आली कशी?

पुणे जिल्ह्यात नारायणगावला १९८० च्या दशकापासून वाईन होत होती. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कंपनीने १९९७ च्या सुमारास सॉव्हिनॉन ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. २००० मध्ये त्यांची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि विंचूर व पलूसला वाईन पार्क झाले.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, काढणी सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि वाईनच्या मालाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च. थंडीच्या रात्री मण्यातला आंबटपणा टिकवतात. उन्हं तापली की साखर भराभर वाढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून काढणीला आठवडाभर उशीर झाला तरी चव बदलते.

आता 'ड्राय' म्हणजे काय? रसातली जवळपास सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि तिचं अल्कोहोल होतं. गोडवा उरत नाही, म्हणून ती ड्राय. साली आधीच बाजूला काढून नुसता रस आंबवतात, म्हणून रंग फिका.

ताटात काय चालतं?

ही वाईन थंड करून देतात. लिंबू पिळलेलं तळलेलं पापलेट, कोळंबी, कोथिंबीर वडी, ढोकळा, पनीर टिक्का यांच्याशी तिचं जमतं. जिथं लिंबू आणि कोथिंबीर चालते, तिथं ही चालते. काळ्या मसाल्याचं मटण किंवा झणझणीत मिसळ यांच्यापुढे मात्र ती फिकी पडते, वर तिखट जास्तच झोंबतं. तिथं किंचित गोडसर शेनिन बरी.

खरी अडचण

वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांचा. कंपनीने माल नाकारला तर तो खायच्या द्राक्षाच्या भावात कोण घेणार? बाग धरायला दोन-तीन वर्षं जातात, तोडायला एक दिवस. २००८ नंतरच्या मंदीत वाईनचा खप घसरला आणि जिल्ह्यात अनेकांनी वाईनच्या बागांवर कुऱ्हाड चालवली, हे लोक विसरलेले नाहीत. पुढे २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीला मान्यता दिली. त्याला जोरदार विरोध झाला आणि निर्णय रखडला. दारूला विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. व्यसनाने उठलेली घरं गावोगाव आहेत. पण या ओढाताणीत बागायतदाराचा करार कुणीच वाचला नाही.

त्यात बाहेरचा माल स्वस्त होतोय. आयात वाईनवर १५० टक्के शुल्क होतं. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या करारात ऑस्ट्रेलियाच्या महागड्या वाईनवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय.

अशा वेळी हातात असलेलं हत्यार म्हणजे नाव. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे. ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. बाटलीवर नाशिक ठळक आलं, त्याखाली दिंडोरी-निफाड आलं, तर कंपनीला इथला माल सोडून दुसरीकडे जाणं जड जाईल. त्यासाठी उत्पादक गटांनी करारात दोन गोष्टी मागायला हव्यात : लेबलवर तालुक्याचं नाव आणि मंदीतही किमान उचल. सान्सेरच्या शेतकऱ्याकडे जमीन आपल्यापेक्षा सोन्याची नाही. त्याच्याकडे गावाचं नाव आहे, आणि ते त्याने कंपनीला देऊन टाकलेलं नाही.