ब्राउनीच्या खोक्यामागची बारीक अक्षरे

नागपूरच्या घरात पाहुण्यांपुढे संत्रा बर्फी येणार, हे ठरलेलेच. अलीकडे त्याच ताटलीत घरी भाजलेल्या ब्राउनीचा तुकडाही दिसू लागला आहे. तयार मिश्रणाचे खोके आणावे, सांगितल्याप्रमाणे तेल, दूध मिसळावे आणि भाजावे, इतके हे काम सोपे. नातवंडांनी प्रेमाने केलेला हा पदार्थ आजी-आजोबांनी नाकारावा, असे आम्ही सुचवणार नाही. मात्र खोक्याची मागची बाजू आधी वाचावी.

घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे. साखर पहिली वा दुसरी असल्यास सावध व्हावे. समजा, ४०० ग्रॅम मिश्रणात दर १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम साखर आहे. एकूण २०० ग्रॅम साखरेचे ९ तुकडे केल्यास प्रत्येकी सुमारे २२ ग्रॅम, तर १६ केल्यास साडेबारा ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार अशी वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणून तुकडा लहान कापणे, हाच पहिला उपाय.

मधुमेह असल्यास असा लहान तुकडा जेवणानंतर घ्यावा व त्या जेवणातील पोळी-भात कमी करावा. औषधाची मात्रा मनाने बदलू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरल्यास मात्र ब्राउनी उपयोगाची नाही. तिच्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश शोषली जाते. रुग्ण शुद्धीवर असेल, तर ग्लुकोजचे वा साखरेचे पाणी द्यावे.

रक्तदाब असणाऱ्यांनी सोडियमचा आकडा पाहावा; खाण्याच्या सोड्यातूनही ते येते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी कोकोतील पोटॅशियम आणि फुगवण्यासाठी घातलेली फॉस्फेटे ध्यानात घेऊन डॉक्टरांना विचारावे. कवळी असल्यास अक्रोडाचे तुकडे न घालता कूट घालावे. कच्चे मिश्रण कोणीही चाखू नये. कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

आपल्याकडचा उन्हाळा कडक. उघडलेले मिश्रण घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावे. खवट वास येताच टाकून द्यावे. घरातील ज्येष्ठांना बारीक अक्षरे दिसत नसतील, तर नातवंडांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावीत. त्यांनाही हे शिकणे उपयोगाचेच आहे.