आधी 'वऱ्हाड' लिहून बघा!

सातवं सेमिस्टर सुरू झालं की कँटीनमध्ये एकच वाद रंगतो, प्रोजेक्ट कशात करायचा? एकजण म्हणतो टीकेइंटर, दुसरा म्हणतो इलेक्ट्रॉन, आणि तिसरा (हा नेहमी सीनिअर असतो) नुसतं 'क्यूटी' म्हणून, चहाचे पैसे न देता निघून जातो. सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी सांगतो, ही सगळी जीयूआय टूलकिट्स. प्रोग्रामच्या खिडक्या, बटणं, मेनू, लिहायच्या चौकटी त्यात तयार मिळतात. आपल्याला काय येतं आणि सध्या काय गाजतंय, एवढं पाहून ती निवडायची अशी पद्धत आहे. मला ही पद्धतच मान्य नाही.

आपले प्रोजेक्ट असतात कुणासाठी? एखादी पतसंस्था, वाचनालय, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना. लॅबमध्ये उबुंटू, तिकडे विंडोज, म्हणून दोन्हीकडे चालणारं टूलकिट हवं, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण तिथे बसणारे काका सभासदांची नावं मराठीत टाइप करणार, हे व्हायव्हापर्यंत कुणाच्या डोक्यातच येत नाही!

देवनागरी पडद्यावर उमटवणं इंग्रजीइतकं सोपं नाही. 'कि' टाइप करताना आधी क जातो, मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर चढायला हवा. आणि 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यातला तो अर्धा र? तो हिंदीत लागतच नाही, त्यामुळे हिंदी नीट दिसलं म्हणजे मराठी दिसेलच असं नाही. ही सगळी जुळवाजुळव करणारी हार्फबझ नावाची लायब्ररी आहे. क्यूटी, जीटीके आणि क्रोमियम तीच वापरतात. टीकेइंटरच्या पोटातलं टीके हे १९९१ सालचं. त्याच्या ८.६ आवृत्तीत लिनक्सवर ही जुळवणी होत नाही. वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. तोच प्रोग्राम विंडोजवर बरा दिसतो, कारण तिथे हे काम विंडोज स्वतः करतं. मग याला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणायचं कसं? पायथॉनबरोबर फुकट येतं हे खरं, पण फुकट म्हणून डोळे मिटून घ्यायचं का?

इलेक्ट्रॉनमध्ये मराठी झकास दिसतं, कारण आत अख्खं क्रोमियम असतं. पण अडचणही तीच आहे ना! दोन बटणांचा प्रोग्रामसुद्धा शंभर एमबीच्या वर जातो आणि रॅम खातो ते वेगळंच. आपल्या लॅपटॉपवर काही जाणवत नाही, पण काकांच्या जुन्या मशीनवर विचारू नका. त्यावर विंडोज ७ असेल तर विषयच संपला, इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये आवृत्ती २३ पासून त्याचा आधार काढला. २०२० साली आलेलं क्यूटी ६ सुद्धा त्यावर चालत नाही, क्यूटी ५.१५ चालतं. अशा ठिकाणी मला डब्ल्यूएक्सविजेट्स आवडतं. ते स्वतःची बटणं रंगवत बसत नाही, ज्या सिस्टिमवर असेल तिचीच वापरतं, त्यामुळे हलकं राहतं. दिसायला जरा जुनाट आहे. असू दे, पतसंस्थेला फॅशन शो करायचा नाहीये.

आता लायसन्स. हा शब्द ऐकला की आपल्याला फक्त आरटीओ आठवतं. पण क्यूटीचं लायसन्स पुरेसं मोकळं नाही म्हणून १९९७ मध्ये ग्नोम हा वेगळा डेस्कटॉप सुरू झाला होता! पुढे २००० साली क्यूटी जीपीएलखाली आलं, २००९ पासून एलजीपीएलखालीही. पायथॉनमधून क्यूटी वापरायला पायक्यूटी आणि पायसाइड असे दोन मार्ग आहेत. दोन्हींचा कोड जवळजवळ सारखा असतो, म्हणून जे पहिलं सापडेल ते आपण घेतो. पायक्यूटी जीपीएल आहे. प्रोग्राम कुणाला दिला तर सोर्सही देण्याची तयारी हवी, नाहीतर पैसे भरून लायसन्स घ्या. पायसाइड एलजीपीएल असल्यामुळे तिथे आपला कोड उघडा करावा लागत नाही. उद्या कुणी तुमचा प्रोजेक्ट विकत मागितला तर हा फरक कळेल.

माझं मत पायसाइडला, आणि मशीन फारच जुनं असेल तर सी++ मध्ये डब्ल्यूएक्सविजेट्सला. माझं ऐकू नका हवं तर. पण सिनॉप्सिस देण्याआधी दहा-वीस ओळींचा प्रोग्राम लिहा, एक खिडकी, एक चौकट. लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर त्यात 'वऱ्हाड' टाइप करा, मधेच कर्सर नेऊन एक अक्षर खोडा, आणि जमलं तर ज्यांच्यासाठी प्रोजेक्ट आहे त्यांच्याच मशीनवर हे करून बघा. अर्धा तास लागेल, फार तर.