बटण दाबा, फोटॉन घ्या!

परवा एका सादरीकरणात पुन्हा तीच स्लाइड. चमचमता हिरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, "खोलीच्या तापमानाला एकेक फोटॉन, बटण दाबताच!" डोकंच फिरलं.

अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त राग येतो. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसतो आणि शेजारची जागा रिकामी राहते. या जोडगोळीवर हिरवा लेझर टाकला की ती तांबडा प्रकाश देते, एका वेळी एकच फोटॉन. म्युनिकच्या गटाने २००० साली हे साध्या तापमानाला दाखवलं. मान्य!

पण क्वांटम नेटवर्कला नुसता एकेक फोटॉन पुरत नाही. दोन वेगळ्या हिऱ्यांतले फोटॉन हुबेहूब जुळे लागतात. इथे तर शंभरातले जेमतेम तीन-चार नेमके ६३७ नॅनोमीटरला येतात. बाकीचे थोडी ऊर्जा अणूंच्या कंपनांना देऊन बसतात, प्रत्येकाचा रंग निराळा. ते तीन-चार तरी एकसारखे हवेत तर हिरा उणे २६९ अंशांच्या आसपास न्यावा लागतो. कसली खोली आणि कसलं तापमान! वर हिऱ्याचा अपवर्तनांक २.४. अंगठीतला खडा ज्याने झगमगतो, त्यानेच बरेचसे फोटॉन आतच अडकतात.

२०१५ साली डेल्फ्टला सुमारे १.३ किलोमीटरवरच्या दोन हिऱ्यांनी बेलची प्रसिद्ध चाचणी झाली. २२० तासांत २४५ नोंदी, म्हणजे तासाला साधारण एक. मला त्या लोकांचा प्रचंड आदर आहे. हा आकडा त्यांनीच शोधनिबंधात छापलाय. स्लाइडवाले तो का छापत नाहीत?

नायट्रोजनऐवजी सिलिकॉन घेतला तर सत्तर टक्के प्रकाश नेमक्या रंगात मिळतो, पण त्याचा स्पिन टिकवायला ०.१ केल्विनच्याही खाली जावं लागतं. असो.

खरं सांगायचं तर नायट्रोजनवाला हिरा दिवा म्हणून सुमार आहे, स्मृती म्हणून उत्तम. चुंबकीय क्षेत्र मोजायला तर तो खरोखरच खोलीच्या तापमानाला चालतो. विका की ते!

पीएचडीला इकडे येऊ पाहणारी मुलं मला मेल टाकतात, 'सर, रूम टेंपरेचर आहे ना, मग टेबलावरच होईल?' पुढची चार-पाच वर्षं ती क्रायोस्टॅटशेजारी काढणार असतात. त्यांना मी एवढंच कळवतो, की मुलाखतीत दोन गोष्टी विचारा: किती केल्विनला, आणि तासाला किती?