संगणकातील तिजोरी आणि तिची किल्ली

जुन्या कापडपेढीत ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहिण्याची रीत होती. दहा अंकांसाठी दहा अक्षरे ठरलेली असत आणि ती मालक व विश्वासू गुमास्ता यांनाच ठाऊक असत. चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तरी भाव त्याच्या हाती लागत नसे. वस्तू नजरेआड करणे निराळे आणि ती इतरांना वाचताच न येणे निराळे, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के समजले होते.

रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली, तेव्हा हा भेद मात्र मागे राहिला. पेढीवर एकच संगणक आणि सर्वांना ठाऊक असलेला एकच पासवर्ड, असे चित्र सर्रास दिसते. त्याच संगणकात नोकरांचे पगार, ग्राहकांच्या आधार व पॅन कार्डांच्या प्रती, मृत्युपत्राचा मसुदा आणि मुलामुलींच्या विवाहासाठी आलेली परिचयपत्रे शेजारी शेजारी नांदत असतात. यांतील बरीचशी माहिती मालकाची स्वतःची नसतेच. इतरांनी ती विश्वासाने त्याच्या स्वाधीन केलेली असते.

अशा फोल्डरांच्या संरक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, फोल्डर लपवण्याची. विंडोजमध्ये फोल्डरला ‘हिडन’ अशी खूण करता येते. परंतु लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय कोणालाही क्षणात निवडता येतो. ही पायरी म्हणजे दारावरचा पडदा. त्याला कुलूप समजू नये.

दुसरी पायरी स्वतंत्र खात्यांची. मालक, मुलगा आणि मुनीम यांनी आपापल्या खात्यातून व आपापल्या पासवर्डने काम करावे; प्रशासकाचे, म्हणजे ‘अॅडमिनिस्ट्रेटर’चे, अधिकार मालकाच्या एका खात्यापुरते ठेवावेत. मग कोणते फोल्डर कोणी उघडावे हे ठरवता येते. “घरच्या माणसांपासून काय लपवायचे?” असा प्रश्न येथे हमखास निघतो. त्याचे उत्तर असे, की एखादा आकडा बाहेर फुटला तर संशय त्या संगणकाला हात लावणाऱ्या प्रत्येकावर जातो आणि प्रामाणिक मुनिमाला आपली बाजू सिद्ध करता येत नाही. वेगळ्या खात्यामुळे मालकाची माहिती राखली जाते, तशी मुनिमाची अब्रूही राखली जाते.

तथापि ही व्यवस्था त्या संगणकातील विंडोज चालू असेपर्यंतच टिकते. दुरुस्तीला गेलेल्या यंत्रातील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की ही बंधने ओलांडता येतात. म्हणून तिसरी पायरी एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूरच सांकेतिक करण्याची. ठाणावरच्या चिठ्ठीचेच हे आधुनिक रूप. विंडोजच्या प्रो आवृत्तीतील ‘बिटलॉकर’ संपूर्ण डिस्क सांकेतिक करतो. मात्र संगणक उघडून कामाला बसलेल्या माणसाला ती खुलीच असते. म्हणून दुसरी पायरी सुटत नाही. निवडक कागदपत्रांसाठी ‘व्हेराक्रिप्ट’ हे विनामूल्य साधन संगणकात एक कुलूपबंद कप्पा तयार करते. काम झाल्यावर तो न विसरता बंद करावा. टॅलीमध्ये ‘टॅली व्हॉल्ट’ची सोय आहे. एक्सेलमध्ये पानापुरते लावलेले ‘प्रोटेक्ट शीट’ केवळ बदल रोखण्यासाठी असते. मजकूर झाकायचा असल्यास संपूर्ण फाइलच पासवर्ड देऊन एन्क्रिप्ट करावी लागते.

खरी कसोटी पुढे आहे. लोखंडी तिजोरीची किल्ली हरवली, तर कारागीर बोलावून ती फोडता येते. येथे तशी सोय नाही. टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरला, तर तो परत मिळवता येत नाही. बिटलॉकर अडला आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसली, तर डिस्कवरील माहितीला मुकावे लागते. सारे पासवर्ड एकट्याच्या स्मरणात ठेवणारा कर्ता पुरुष अकस्मात गेला, तर येणी कोणाकडून आणि देणी कोणाची, हे वारसांना कळण्याचा मार्गच बंद होतो. परक्यासाठी लावलेले कुलूप अशा वेळी घरच्यांच्याच वाटेत उभे राहते.

बँकांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. रोकड-तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात असते आणि किल्ल्यांचा दुसरा जोड त्या शाखेत न ठेवता अन्यत्र ठेवला जातो. पेढीनेही तेच करावे. पासवर्ड व रिकव्हरी की कागदावर लिहून पाकीट मोहोरबंद करावे आणि दोघांच्या संयुक्त नावे असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवावे. त्याच संगणकात किंवा टेबलाच्या खणात ते असू नये. पाकीट कोठे आहे हे पत्नीला किंवा वारसाला सांगितलेले असावे. पासवर्ड बदलला, की पाकीटही बदलावे. शिवाय डिस्क बिघडू शकते; म्हणून महत्त्वाच्या माहितीची आणखी एक एन्क्रिप्ट केलेली प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

दिवाळीत वहीपूजनाच्या निमित्ताने सारे कुटुंब पेढीवर जमते. त्याच दिवशी कोणाला कोणते फोल्डर उघडते याची उजळणी करावी, काम सोडून गेलेल्यांची खाती बंद करावीत आणि पाकिटातील किल्लीने कुलूप खरोखर उघडते का, हे एकदा पाहून घ्यावे. एवढ्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.