घाट घाटासारखा वाटला पाहिजे

“भाऊ, असं दमदार इंजन टाकलं न, आता घाट घाटासारखा वाटतच नाही!”

जुन्या जीपमध्ये किंवा अँबॅसॅडरमध्ये नवे इंजिन बसवून घेतलेला माणूस हे वाक्य हटकून बोलतो. तिगावात ते ऐकले, पांढुर्ण्यात ऐकले, सौंसरच्या बाजारातही ऐकले. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान असते आणि ऐकणारे कौतुकाने मान हलवतात. मला मात्र या वाक्याची भीती वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी एक गैरसमज दूर करतो. जुन्या गाडीला हातच लावू नये, कारखान्यातून निघाली तशीच ती राहिली पाहिजे, असे म्हणणाऱ्या सोवळ्या मंडळींतला मी नाही. त्यांचे सोवळे खुद्द कारखान्यांनीच कधी पाळले नाही. महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीची पेट्रोल जीप या देशात बांधायला घेतली आणि पुढे तिच्याच अंगात फ्रान्सच्या प्यूजोचे डिझेल इंजिन घातले. अँबॅसॅडर म्हणजे विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात १९९२ च्या सुमारास जपानच्या इसुझूचे १,८१७ सीसीचे इंजिन आले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पेट्रोलवरून गॅसवर गेल्या आणि २०२३ पर्यंत पोट भरत राहिल्या. उलटा प्रयोगही झाला. १९८५ साली मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हरचे देखणे अंग घेतले आणि आत जुन्या व्हॅनगार्डच्या काळातले इंजिन ठेवले. ती गाडी काही वर्षांतच बंद पडली.

शिवाय शुद्धतेचा उपदेश आपल्यासारख्यांना कोणी करू नये. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या गाड्यांचे कागद छिंदवाड्याला आणि डागडुजी नागपूरला. तसेच घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. भेसळीवाचून ज्यांचा एक दिवस जात नाही, त्यांना भेसळीचे भय कसले? प्रश्न भेसळीचा नाही, क्रमाचा आहे. आणि तो क्रम आपल्याकडे साफ उलटा चालला आहे.

जुनी गाडी चालवणे आणि नवी गाडी चालवणे यांत फरक काय, असे विचारले की लोक आराम सांगतात, वेग सांगतात, ॲव्हरेज सांगतात. खरा फरक वेगळाच आहे. जुनी गाडी बोलते. जुन्या विलीजला पहिल्या गिअरमध्ये सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा आवाज कानाने जुळवूनच टाकावा लागे. घाटाच्या पायथ्याशीच ती धापा टाकू लागे, स्टिअरिंग हातात थरथरे, पत्रा वाजू लागे. साठाच्या वेगाला ऐंशीचा धाक वाटे. हा तिचा दोष होता, हे कबूल. पण तोच तिचा पहारा होता. ब्रेकांच्या कुवतीपलीकडे ती सहजासहजी जातच नसे, कारण तेवढा दम तिच्यात नव्हता. दुबळे इंजिन आणि दुबळे ब्रेक हा एकमेकांना शोभणारा जोडा होता.

नव्या गाडीने हा धाक काढून टाकला. तिच्यात बसले की ऐंशीचा वेग चाळिसासारखा वाटतो. पण तिने धाकाच्या बदल्यात काही दिले आहे: डिस्क ब्रेक, त्यांना जोर देणारा बूस्टर, चाके जाम होऊ न देणारी एबीएस, पट्टे. नवी गाडी गप्प असली तरी बेसावध नाही.

आता इंजिन तेवढे बदललेल्या जुन्या जीपकडे पाहा. तिने नव्याकडून दम घेतला, गप्प बसणे घेतले, आणि जुन्याकडून ब्रेक ठेवले. म्हणजे धोका तसाच राहिला आणि धोक्याची सूचना तेवढी गेली. घाट घाटासारखा वाटत नाही, याचा अर्थ घाट सपाट झाला असा नाही. चालवणाऱ्याच्या कानात बोळे बसले, एवढाच आहे.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत, साधा हिशेब आहे. वेग चाळिसावरून साठावर नेला, म्हणजे दीडपट केला, की थांबवायची शक्ती सव्वादोन पट होते. चाळिसाचे ऐंशी केले तर चौपट. ही सगळी शक्ती ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. जुन्या विलीजच्या चारही चाकांना ९ इंची ड्रम. उतारावर ब्रेक दाबून धरले की ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतो आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. त्यात चारही चाकांच्या ब्रेक-तेलाची वाट एकच. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलेटरवरून पाय काढला की आत येणारी हवा अडते आणि इंजिन गाडीला मागे ओढून धरते. साध्या डिझेल इंजिनात हवेची वाट उघडीच असते, त्यामुळे ही ओढ कमी पडते. शिवाय असे इंजिन बहुधा जडही असते. म्हणजे इंजिन बदलले त्या दिवशी वेग वाढला, वजन वाढले, उतारावरचा आधार घटला. आणि ब्रेक आजोबांच्याच वेळचे!

आपल्याकडे बंडी हाकणाऱ्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसालाही हे कळत होते. शंकरपटाची गवळाऊ जोडी त्याने कधी संत्र्याने भरलेल्या बंडीला जुंपली नाही. बैल ओढतील, पण आस टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. आणि थोरामोठ्यांचा दाखला हवा असेल तर तो तिगावच्या दारातच आहे. तिगाव ते चिचोंडा हा रेल्वेचा घाट. रेल्वेने वाफेचे इंजिन काढून विजेचे आणले, पण ब्रेक जुनेच ठेवले नाहीत. व्हॅक्यूमचे जाऊन हवेच्या दाबाचे ब्रेक आले. उतारासाठी वेगाची वेगळी मर्यादा बांधून दिली जाते, ती निराळीच. चढाला इंजिन लागते आणि उताराला ब्रेक, ही अक्कल रेल्वेला आहे. तिच्या रुळांशेजारून जीप हाकणाऱ्याला ती का असू नये?

विलायतेतल्या हौशी लोकांचे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. ऐकवणाऱ्याने ते पुरते पाहावे. जग्वार कंपनीने २०१७ साली आपल्या जुन्या ई-टाइप मोटारीत विजेची यंत्रणा बसवून दाखवली. २०१८ साली तीच गाडी ब्रिटिश राजपुत्राच्या लग्नात मिरवली. पण ती यंत्रणा जुन्या इंजिनाच्याच आकाराची आणि जवळपास त्याच वजनाची केली होती, जेणेकरून सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्यावरचा भार बदलू नये. आधी तराजू, मग पाना. आपल्याकडे आधी पाना, मग नारळ, आणि तराजू कधीच नाही.

या प्रकरणात कायद्यालाही मोकळे सोडता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने दिलेल्या तपशिलात मालकाने फेरफार करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’चा मान दिला, पण ती मूळ रूपात असली पाहिजे आणि रोजच्या वापरात नसली पाहिजे. म्हणजे मिरवणुकीच्या गाडीसाठी नियम आहे आणि राबणाऱ्या गाडीसाठी फक्त मनाई. परिणाम काय? बदल थांबत नाहीत, ते मागच्या दाराने होतात आणि कोणी तपासत नाही. ब्रेक सुधारणारा आणि नुसता दम वाढवणारा, दोघेही एकाच पिंजऱ्यात. जर्मनीत असा बदल तज्ज्ञाकडून तपासून कागदावर चढवता येतो. ब्रिटनमध्ये जुन्या गाडीचे मूळपण ठरवताना वर्षानुवर्षे गुण मोजले जात. त्यात चेसीसला ५ गुण, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला अवघा १. ज्या इंजिनासाठी आपण जीव टाकतो त्याची किंमत एक गुण! २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याने वर्षातून चार दिवस जुन्या गाड्यांची ब्रेक-तपासणी लावली, तरी पुष्कळ होईल.

पण सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आज संत्र्याच्या तोडीला आणि कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या बाया अशाच जीपच्या मागच्या फळीवर दाटीने बसतात. पुढे कोणते इंजिन आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि कोणी विचारतही नाही. मालकाने हौस जरूर करावी, पण क्रमाने. पहिले ब्रेक: पुढच्या चाकांना डिस्क, आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या तेलाच्या वाटा वेगळ्या. मग स्टिअरिंग, टायर, पट्टे, दिवे. एवढे झाल्यावर पैसे उरलेच तर इंजिन, तेही वजन मोजून. काढलेले जुने इंजिन भंगारात न देता तेल लावून कोठीत ठेवावे. उद्या नातवाला गाडी पूर्ववत करावीशी वाटली तर त्याचा मार्ग बंद होता कामा नये. आणि मिस्त्रीमंडळींनी एकच करावे: “इंजन टाकून द्या” म्हणत गिऱ्हाईक आले की बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरून चारही ड्रम उघडून पाहावेत. ते धड नसतील तर काम परत पाठवावे. मजुरी बुडेल, पण मागच्या फळीवरच्या बाया संध्याकाळी घरी पोहोचतील.