हाडं मऊ का झाली, हे कोणी विचारेल का?

इंदुरात आपल्या मंडळांतून हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरं होतात. मशीनमध्ये टाच ठेवायची, मिनिटाभरात चिठ्ठी मिळते: घनता कमी. मग कॅल्शियमच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीचे साशे सुरू. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा चिठ्ठ्या घेऊन बायका माझ्याकडे व्यायाम शिकायला येतात. शिबिरं हवीतच. पण चिठ्ठीवर समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं.

घनता कमी दिसली म्हणजे हाडं विरळ झालेली असतील किंवा मऊ पडलेली. मऊ हाडांत मूळ सांगाडा तयार होतो, पण त्यात कॅल्शियम-फॉस्फरस नीट भरत नाही. हा ऑस्टिओमलेशिया. टाचेचं मशीन हा फरक सांगत नाही. मला मात्र बाई खुर्चीतून उठतानाच शंका येते. दोन्ही हात मांड्यांवर रेटून उठते, जिन्यावर कठड्याला धरून स्वतःला वर ओढते. नडगीवर अंगठा दाबला की कळवळते. कधीकधी वय चाळीशीच्याही आत असतं.

ऊन न मिळणं हे मोठं कारण आहेच. सूर्य इथे जूनमध्ये अगदी डोक्यावर येतो, तरी तोंडाला दुपट्टा आणि हातात मोजे घातल्याशिवाय आपल्या मुली स्कूटीवर बसत नाहीत. पण फिटच्या फेनिटोइनसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर यकृत व्हिटॅमिन डी भराभर मोडून टाकतं. गहू न सोसणाऱ्या सीलिॲक रुग्णाच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, आणि आम्ही माळव्यात दोन्ही वेळा गहूच खातो. काहींच्या मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जातो. क्वचित एखादी बारीकशी गाठही तो घालवते. रक्त वाढवायला दिलेल्या लोहाच्या काही इंजेक्शनांनीही तो उतरतो, विशेषतः ती वारंवार घेतली तर. धार-झाबुआकडच्या बाईला तर बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल विचारायलाच हवं.

अशी कारणं असतील तर नुसते साशे पुरत नाहीत. उलट, हाडं विरळ समजून काही जोरकस औषधं दिली तर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं.

म्हणून माझं मंडळांना सांगणं आहे: टाचेच्या मशीनसोबत रक्तही घ्या. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन या साध्या तपासण्या आहेत, गल्लीतल्या लॅबमध्येही होतात. आणि शिबिराला येताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं आणायला सांगा, फिटच्या गोळ्यांचीसुद्धा. सासरी सांगितलं नाही म्हणून पुष्कळजणी ती लपवतात.