पिन बदलली, तार तीच!

घरातल्या विजेच्या बोर्डाकडे एकदा नीट निरखून पाहा. बहुतेक पॉइंटांची भोके बारीक असतात, तर एखाद-दुसऱ्या पॉइंटाची चांगली जाड. बारीक भोकांचा पॉइंट ६ अँपिअरचा, जाड भोकांचा १६ अँपिअरचा. वायरमन मंडळी आणि घरातील वडीलधारी माणसे त्यांना अजूनही ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ म्हणतात, कारण पूर्वी तेच आकडे चालत. टेबलफॅन, दूरदर्शन संच, मोबाइलचा चार्जर हे सारे बारीक पॉइंटावर. गीझर, वातानुकूलन यंत्र जाड पॉइंटावर. जाड पिनांचा टॉप बारीक भोकांत शिरत नाही. ही एक कटकट आहे, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची सुरक्षा-योजना हीच आहे. तिला वीज लागत नाही, देखभाल लागत नाही आणि ती कधी बिघडत नाही. मात्र बाजारात किरकोळ किमतीला मिळणारा प्लॅस्टिकचा एक ठोकळा, ज्याला दुकानदार ‘कन्व्हर्टर’ म्हणतो, तिला क्षणात निकामी करतो. त्याच्या एका अंगाला जाड भोके, दुसऱ्या अंगाला बारीक पिना!

हा ठोकळा तसा जुनाच आहे. पण विजेवर चालणाऱ्या गाड्या घरोघरी येऊ लागल्यापासून त्याचे काम बदलले आहे. घरी गाडी चार्ज करायला आपल्याकडे मुभा आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच तसे स्पष्ट केले. तेव्हा गाडी आली, तिच्याबरोबर जाड पिनांचा चार्जर आला, आणि गाडी उभी करण्याच्या जागेजवळ पाहावे तर पॉइंट एकच, तोही बारीक. कधीकाळी दिव्यासाठी बसवलेला. मग तो ठोकळा आठवतो.

येथे सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. दुचाकीचा एखादा चार्जर ७५० वॅटचा असतो. ७५० ला २३० व्होल्टने भागा. प्रवाह येतो सुमारे ३.३ अँपिअर. एवढा प्रवाह ६ अँपिअरच्या धडधाकट पॉइंटाला मुळीच जड नाही. चारचाकीबरोबर मिळणारा घरगुती चार्जर मात्र १५ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोवॅट. तेव्हा पहिली गोष्ट ही की चार्जरवर चिकटवलेली माहितीची पट्टी वाचावी. त्या पट्टीवर आत येणाऱ्या प्रवाहाचा आकडा दिलेला असतो. तो न वाचता ‘शेजाऱ्यांचे चालते, मग आपले का नाही?’ असे विचारणाऱ्याच्या शेजाऱ्यांकडे बहुधा स्कूटर असते.

आता १५ अँपिअर प्रवाह बारीक पॉइंटातून गेला तर काय होते ते पाहू. ज्यूलचा नियम तुम्ही दहावीत शिकता : उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६ च्या जागी १५ अँपिअर म्हणजे प्रवाह अडीचपट. पण उष्णता सव्वासहापट. हा वर्गच सगळा घात करतो, आणि परीक्षेत बरोबर उदाहरण सोडवणारी माणसेसुद्धा बोर्डापाशी गेली की त्याला विसरतात.

भिंतीतल्या तारेपासून सुरुवात करू. दिव्यापंख्याच्या पॉइंटांना साधारणतः १ किंवा १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घालतात, तर पॉवर पॉइंटला २.५ किंवा ४ चौरस मिलिमीटरची. समजा, मीटरपासून गाडीची जागा २० मीटरवर आहे. जाण्यायेण्याची मिळून तार ४० मीटर झाली. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७२ ओहम, म्हणजे सबंध तारेचा ०.६९ ओहम. त्यातून १५ अँपिअर गेले की तारेतच १५५ वॅट उष्णता निर्माण होते आणि १० व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची असती तर हा आकडा ३९ वॅटवर आला असता. दहा तासांच्या चार्जिंगमध्ये बारीक तार दीड युनिट वीज भिंत तापवण्यात घालवते. पैशाचे नुकसान एक वेळ सोसता येईल. परंतु त्या तारेवरचे नेहमीचे पी.व्ही.सी.चे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते, आणि नळीत कोंबलेल्या तारांना उष्णता बाहेर टाकायला वाव कमी. शिवाय एकाच तारेवर तीनचार पॉइंट असतात. गाडी लागली म्हणून पंखे-दिवे कोणी बंद करीत नाही.

तरीही तारेपेक्षा मला अधिक भीती वाटते ती सांध्याची. पिन आणि पितळेची पकड एकमेकींना सर्व पृष्ठभागावर चिकटलेल्या आहेत, असे वरून दिसते. प्रत्यक्षात त्या काही थोड्या बिंदूंवरच टेकलेल्या असतात आणि सारा प्रवाह त्या बिंदूंतून जातो. जुन्या, सैल झालेल्या पॉइंटात अशा सांध्याचा रोध ०.१ ओहम झाला आहे, असे धरा. मोबाइलच्या चार्जरला त्याचा पत्ताही लागणार नाही. ३.३ अँपिअरला तेथे साधारण १ वॅट उष्णता होईल. १५ अँपिअरला होईल साडेबावीस वॅट. आमच्या प्रयोगशाळेतली डाग देण्याची कावी २५ वॅटची आहे. तिने कथील आणि शिशाचा मिश्रधातू सहज वितळतो. जवळजवळ तेवढी उष्णता काड्यापेटीएवढ्या बंद प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर तयार होत राहील! गरम झाली की पितळेची पकड ढिली पडते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो, आणि मग उष्णता आणखी. कन्व्हर्टर लावला की असे सांधे एका जोडीऐवजी दोन जोड्या होतात, शिवाय जड टॉपच्या वजनाने तो ठोकळा बोर्डातून खाली लोंबतो ते वेगळेच.

‘अहो, याच कन्व्हर्टरवर आम्ही वर्षानुवर्षे इस्त्री लावतो,’ असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. १००० वॅटची इस्त्री साडेचार अँपिअरच्या आत असते, थोड्या थोड्या वेळाने आपोआप बंद होते, आणि ती चालू असताना माणूस समोर उभा असतो. गीझरसुद्धा पाणी तापले की थांबतो. मोटारीचा चार्जर तसा नाही. ३० युनिटांची बॅटरी जवळजवळ रिकामी असेल, तर तो नऊ-दहा तास एकसारखा पूर्ण प्रवाह ओढतो, आणि तोही घर झोपलेले असताना.

मग एम.सी.बी. कशाला बसवले आहेत? हा प्रश्न रास्त आहे. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो. दिव्यांच्या मंडलावर १० अँपिअरचा एम.सी.बी. असेल तर १५ अँपिअरला तो तासाभराच्या आत पडलाच पाहिजे, असे त्याचे मानक सांगते. तो पडतोही. मग काय करतात? वायरमनला बोलावून त्या जागी १६ किंवा २० चा बसवतात! जुन्या वाड्यांतून फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळीत असत, त्याचीच ही सुधारित आवृत्ती. आणि सैल सांध्याचा तर एम.सी.बी.ला पत्ताच नसतो. सांधा पेटायला आला तरी मंडलातला प्रवाह १५ अँपिअरच राहतो, किंबहुना किंचित कमी होतो. एम.सी.बी. फक्त स्वतःमधून जाणारा प्रवाह पाहतो. दूरच्या बोर्डातले तापमान त्याला कोण सांगणार?

आपल्या गोल पिना मूळच्या ब्रिटिश. खुद्द ब्रिटनने १९४७ साली चपट्या पिनांचे नवे मानक काढले आणि टॉपच्या पोटातच फ्यूज बसवला. तो जास्तीत जास्त १३ अँपिअरचा असतो. आपण गोल पिनाच ठेवल्या. आपल्या टॉपमध्ये फ्यूज नसतो, म्हणून आपल्याकडे पिनेच्या जाडीला अधिक महत्त्व आहे. तीच फसवली तर मधे दुसरा पहारेकरी नाही.

अडॅप्टर ही वस्तूच वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. अमेरिकेत घरातला साधा पॉइंट १२० व्होल्ट, १५ अँपिअरचा असतो. आणि तीन तास वा त्याहून अधिक वेळ चालणारा भार क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवावा, असा तेथील विद्युत्‌ संहितेचा नियम आहे. म्हणून गाडी तेथे १२ अँपिअरच घेते, म्हणजे १४४० वॅट. टेस्ला कंपनीच्या फिरत्या चार्जरला निरनिराळ्या पॉइंटांसाठी निरनिराळी टोके बसवता येतात, आणि प्रत्येक टोक चार्जरला ‘मी अमुक पॉइंटाचा’ अशी ओळख देते. साध्या पॉइंटाचे टोक लावले की प्रवाह १२ अँपिअर. २४० व्होल्टच्या ५० अँपिअरी पॉइंटाचे लावले की ३२. पुढे चार्जर गाडीशी बोलतो, तेही ऐकण्यासारखे आहे. एका बारीक तारेवरून तो सेकंदाला १००० वेळा वरखाली होणारा चौकोनी संकेत पाठवतो. प्रत्येक आवर्तनात संकेत किती वेळ ‘वर’ आहे, त्यावरून गाडीला मर्यादा कळते : १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, सुमारे २७ टक्के म्हणजे १६. आपल्याकडच्या मोटारींतही हीच भाषा वापरतात. आमचा प्लॅस्टिकचा ठोकळा मात्र मुका आहे. चार्जरला वाटते, आपण १६ च्या पॉइंटात आहोत. तो गाडीला तसेच कळवतो, आणि गाडी विश्वासाने १५ अँपिअर मागते. काही चार्जरांवर प्रवाह कमी करण्याची सोय असते. ती असेल तेथे अडचणीच्या वेळी ६ अँपिअरवर हळूहळू चार्ज करणे हा प्रामाणिक मार्ग आहे. रात्र मोठी असते.

याहून घातक प्रकार अर्थिंगचा. तिसरी पिन जाड आणि लांब असते ती उगाच नव्हे. आत जाताना ती आधी जोडली जावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. मोटारीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर तांबडा दिवा लावून काम नाकारतो. जुन्या घरांत असे घडते. तेव्हा खड्डा खणून नवे अर्थिंग करण्याऐवजी टॉपमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडण्याची युक्ती काही जण करतात. तांबडा दिवा जातो. पण एखाद्या बोर्डात फेज आणि न्यूट्रलच्या तारा उलट जोडलेल्या असल्या (आणि असतात!) तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. गाडी रबरी टायरांवर उभी असल्याने तिला काही होत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून तिचे दार उघडणाऱ्याला होते. ही युक्ती करणाऱ्या माणसाला मी वायरमन म्हणणार नाही.

शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. काही ठिकाणी कार्यकारी समिती चार्जिंगला सरळ मनाई करते. परिणाम असा की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडली जाते, उरलेली वायर गुंडाळून ठेवलेली असते, आणि त्या गुंडाळीतली उष्णता गुंडाळीतच राहते. मनाई करून समितीला सुरक्षितता मिळत नाही, लोंबणारी वायर मिळते. त्यापेक्षा सभासदाच्या स्वतःच्या मीटरपासून गाडीपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तार, तिच्यावर तिचाच एम.सी.बी., ३० मिलिअँपिअरला पडणारा आर.सी.सी.बी., खरे अर्थिंग आणि चांगल्या प्रतीचा १६ अँपिअरचा पॉइंट, एवढे नोंदणीकृत ठेकेदाराकडून करून घेण्याची अट घालावी. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ज्यूलच्या नियमावर पाण्यात बुडवलेल्या तारेचे उदाहरण आपण दरवर्षी घालतो. त्याच्या जोडीला सैल पॉइंटाचेही एक घाला. आणि मुलांनो, पॉइंट उघडून किंवा आत काही घालून पाहू नका. त्यापेक्षा मीटर पाहा. त्यावर एक लहान दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल ते शेजारी छापलेले असते. आमच्या मीटरवर हा आकडा ३२०० आहे. घरातले बाकी सारे बंद असताना ७५० वॅटचा चार्जर चालू असेल तर तो दिवा मिनिटाला ४० वेळा लुकलुकेल. साडेतीन किलोवॅटला सेकंदाला तीन वेळा. आपल्या घरी मोजून पाहा, त्यावरून प्रवाह काढा, आणि मग ज्या बोर्डात टॉप लावला आहे त्याची भोके बारीक आहेत की जाड, ते जाऊन बघा.